‘बगळ्यांची माळ फुले’ नेमकं कुणाचं? आणि शेवटचं कडवं का गाळतात?

गोदाकाठ
परवा नांदेडात जुन्या मराठी गाण्यांची एक मैफल ऐकली. ‘बगळ्यांची माळ फुले’ सुरू व्हायच्या आधी निवेदकानं सांगितलं, "आता मंगेश पाडगावकरांचं एक तरल प्रेमगीत." सभागृह भरलेलं होतं, कुणी हूं की चूं केलं नाही. गाणं वा. रा. कांतांचं आहे. वामन रामराव कांत, जन्म 6 ऑक्टोबर 1913, नांदेड. ज्या गावात हा कवी जन्मला त्याच गावात त्याचं गाणं दुसऱ्याच्या नावावर जातं आणि टाळ्या पडतात, हे मला फार लागलं. मध्यंतरात जाऊन निवेदकाला सांगितलं. ते म्हणाले, "असेल असेल, पण लोकांना गाणं तर आवडलं ना?"

दुसरी गोष्ट. गायकाचा गळा चांगला होता, पण ज्यात ती माळ तोडून निघून जाते ते शेवटचं कडवं त्यानं घेतलंच नाही. आजकाल बऱ्याच जणांचं असंच ऐकायलो.

तुम्ही हे गाणं कुणाचं म्हणून ओळखता? कुणाकुणाच्या आवाजात ऐकलंत? आणि कडवं गाळणं तुम्हाला पटतं का?

तानपुरा
वसंतराव देशपांड्यांचं. विषय संपला.

परभणीकर
@तानपुरा, एवढ्यात कुठं संपतो, आत्ता तर सुरू झाला. आवाज डॉ. वसंतराव देशपांड्यांचा, चाल श्रीनिवास खळ्यांची, शब्द कांतांचे. तिघांची नावं घेतल्याशिवाय आमच्या घरी हे गाणं लागतच नसे. कारण घरी गाणं म्हणजे रेडिओ, आणि रेडिओवर गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायची शिस्त होती. आमची आजी शाळेत गेली नव्हती, पण कुठलं गाणं कुणी लिहिलं हे तिला पाठ होतं. आता फोनवर गाणं लावलं की गायकाचं नाव आणि चित्र दिसतं. कवी शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं, आणि तिथंही तो सापडेलच असं नाही.

संगीतखुर्ची
नांदेडचे होते हे खरंच माहीत नव्हतं! मी पुण्यात वाढले, मला ते मुंबईचे वाटायचे.

गोदाकाठ
@संगीतखुर्ची ताई, तसं वाटणं साहजिक आहे. कांतांनी आधी निजामाच्या राजवटीत नोकरी केली, रेडिओवरही होते, आणि पुढं मुंबई आकाशवाणीवर. त्यामुळं बाहेरच्यांना ते मुंबईकर वाटतात. आमच्या मुलांना तर ते कुठलेच वाटत नाहीत, कारण नावच कानावर पडत नाही.

आणि हे एकच गाणं नाही. सुधीर फडक्यांनी गायलेलं ‘त्या तरुतळी विसरले गीत’ कांतांचं, त्याची चाल यशवंत देवांची. अरुण दात्यांचं म्हणून ओळखलं जाणारं ‘सखी शेजारिणी तू हसत रहा’ हेही कांतांचंच. वसंतरावांनी गायलेलं ‘राहिले ओठातल्या ओठात’ घ्या, तेही. मराठी भावगीतातली ही चार गाणी काढून ठेवली तर केवढी मोठी पोकळी पडेल बघा.

मुरमाड_माळ
थांबा थांबा. ‘सखी शेजारिणी’ कांतांचं?? पन्नाशी आली राव माझी.

परभणीकर
हाव. चाल वसंत प्रभूंची.

वऱ्हाडी_ठेचा
नांदेडकरांनो, कवी तुमचा, पण गळा आमचा बरं का! वसंतराव मूर्तिजापूरचे, अकोला जिल्हा. शिकले नागपुरात.

तानपुरा
आणि खळेकाका जन्मले बडोद्यात. शब्द नांदेडचे, आवाज मूर्तिजापूरचा, चाल बडोद्याच्या माणसाची. पुण्या-मुंबईला फक्त रेकॉर्डिंगची खोली दिल्याचं श्रेय देऊ. 😀

संगीतखुर्ची
खोलीचं भाडं तरी द्या!

सुरपेटी
मी संभाजीनगरात पेटी शिकवते, लहान-मोठ्या कार्यक्रमांत साथीला बसते. कडव्याबद्दल सांगते, कारण ते रोज डोळ्यांसमोर घडतं.

एक तर वेळ. दोन तासांत तीस गाणी बसवायची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं, त्यातही निवेदन. मग कुठलं तरी कडवं जाणारच, आणि शेवटचं काढणं सगळ्यांत सोपं. दुसरं म्हणजे लग्नातली संगीतसंध्या. नवरा-नवरीसमोर ‘तू तोडून गेलीस’ कोण गाणार? आयोजकच हळूच सांगतात, "ताई, तेवढं दुःखाचं नको."

तिसरं कारण मला जास्त बोचतं. हे गाणं मुली फार गातात. पहिल्या तीन कडव्यांत गाणारा पुरुष की बाई हे कुठंच उघड होत नाही. ‘स्मरशी काय तू’ कुणीही कुणाला विचारावं. शेवटच्या कडव्यात ‘तू गेलीस’ येतं आणि तिथं पहिल्यांदा कळतं की हे एका स्त्रीला उद्देशून आहे. माझ्या दोन विद्यार्थिनी तिथं अडखळल्या. एक म्हणाली ‘गेलास’ करते, दुसरी म्हणाली कडवंच सोडते. मी दोघींना म्हटलं, आहे तसं गा.

मुरमाड_माळ
अरे! एवढ्या वर्षांत हे लक्षात आलं नव्हतं. आत्ता पुन्हा ऐकलं. खरंय.

आंबाजोगाई_एक्सप्रेस
@सुरपेटी ताई, ‘गेलास’ केलं तर बिघडलं काय? बाईच्या तोंडी बाईचं दुःख नको का? गाणं जिवंत राहायचं तर गाणाऱ्याला आपलं वाटलं पाहिजे. जुनं आहे म्हणून हात लावायचा नाही हे मला पटत नाही.

सुरपेटी
दादा, आपला तर हा प्रांतच दुसऱ्याच्या आवाजात बोलणाऱ्यांचा. पैठणच्या नाथांनी गौळणी लिहिल्या, भारुडात बाई होऊन बोलले, आणि चारशे वर्षं पुरुष ते पदर घेऊन गातात. कुणी क्रियापदं बदलली नाहीत. ऐकणाऱ्यालाही अडचण झाली नाही. मग मुलीनं पुरुषाचं दुःख गायलं तर तिचं दुःख कमी होतं का? मला तर वाटतं, ते जास्त कळतं.

आंबाजोगाई_एक्सप्रेस
भारुडाचा मुद्दा मान्य. तरी एखादीला बदलावंसं वाटलं तर तिला गुन्हेगार ठरवू नका, एवढंच म्हणायचंय.

काळा_कोट
गुन्हेगार शब्द आलाच आहे तर कायद्याचंही बघू. लातूरला वकिली करतो.

आपल्याकडं 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. शब्दांवरचा हक्क कवी हयात असेतो आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढची 60 वर्षं राहतो. कांत 1991 ला गेले, म्हणजे 2051 च्या अखेरपर्यंत हे शब्द कुणाच्या तरी हक्कात आहेत. खळेकाका 2011 ला गेले, चालीचा हिशेब त्याहून लांब जातो. "जुनं गाणं आहे, कुणाचंही नाही" असं जे सर्रास म्हणतात ते चूक.

कव्हर करायला मनाई नाही. 2012 च्या दुरुस्तीनं त्यासाठी वेगळं कलम घातलं, 31क. मूळ रेकॉर्ड निघालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं उलटली की नव्या आवाजात रेकॉर्ड काढता येतं. आधी कळवायचं, रॉयल्टी आगाऊ भरायची, वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा फोटो वापरायचा नाही आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट छापायचं. आणि या धाग्यापुरती महत्त्वाची अट: शब्दांत आणि चालीत, तांत्रिक गरजेपुरतं सोडून, असा बदल करायचा नाही जो आधी हक्कदाराच्या संमतीनं झालेला नाही. ‘गेलीस’चं ‘गेलास’ त्या अटीत बसतं का, यावर दोन वकील दोन तास भांडू शकतील.

लग्नातल्या गाण्याला मात्र कायद्यानंच सूट दिलीय. लग्नाच्या समारंभात वाजवलं-गायलं तर हक्कभंग होत नाही. तेव्हा वरातीतल्या बँडवाल्यांनी निर्धास्त राहावं.

मुरमाड_माळ
वकीलसाहेब, फी किती झाली? 😀

काळा_कोट
शेवटचं कडवं म्हणून दाखवा, माफ.

परभणीकर
@काळा_कोट, त्याच 2012 च्या दुरुस्तीत गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा सोडून देता येणार नाही असंही आलं ना?

काळा_कोट
हो. सिनेमासाठी किंवा रेकॉर्डसाठी शब्द दिले तरी पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला वाटा कवीकडून लिहून घेता येत नाही, वारसांकडं किंवा कॉपीराइट संस्थेकडं देता येतो. आधी एकरकमी देऊन सगळं लिहून घ्यायची रीत होती. पण कायद्यानं पैसे मिळतील, मंचावर आठवणीनं नाव घेतलं जाईलच असं नाही. त्याला निवेदक शहाणा लागतो.

पाणंद
मला एक सांगा, त्यात ‘नारळीच्या खाली’ भेटल्याचं आहे. आपल्याकडं नारळी कुठंय? बाभळी म्हणा, लिंब म्हणा, फार तर आंबराई. माझे मामा म्हणतात म्हणून हे गाणं कोकणातल्या कवीचंच असणार.

तानपुरा
म्हणूनच लोक बोरकर नाहीतर पाडगावकर म्हणून मोकळे होतात. नारळ दिसला की कोकण!

गोदाकाठ
@पाणंद, मामांना सांगा, कविता म्हणजे सातबारा नव्हे, झाडांची नोंद गावच्या हद्दीत बसलीच पाहिजे असं नाही. 🙂 पण तुमचा प्रश्न चांगला आहे. नारळी सोडून बाकी बघा ना. ओल्या रानात अभ्रकासारखं चमकणारं ऊन, दूर डोंगरात घुमणारा ढग, तळं, सांजेला रांगेनं जाणारे बगळे. यातलं काय आपल्याकडं नाही? पावसाची सर येऊन गेल्यावर काळ्या रानावर जे ऊन पडतं ना, तुरीच्या पानावरचे थेंब लकाकतात, ते मी दरसाल बघतो. त्याला अभ्रकाचं ऊन म्हणणारा माणूस रानात उभा राहिलेला असणार.

शेतकीण
पहिल्यांदाच लिहितेय, फक्त वाचत असते. बगळ्यांचं सांगते.

आमचं शेत पूर्णा नदीकाठी. नांगर फिरला की मागं बगळे उतरतात, किडे वेचत जातात. म्हशीच्या पाठीवर बसलेले असतात ते हेच. दिवसभर विखुरलेले, आणि सूर्य कलला की एकेक करून उठतात आणि रांग धरून मुक्कामाच्या झाडाकडं जातात. लहानपणी ती रांग दिसली की आम्ही सगळी पोरं हाताची नखं एकमेकांवर घासत ओरडायचो, "बगळ्या बगळ्या फूल दे!" नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्यानं फूल दिलं असं मानायचो. कुणाला किती फुलं मिळाली ते मोजायचो.

गाण्यात दोघं मिळून बगळ्यांचे पांढरे कळे मोजतात. मला ते ऐकलं की पहिल्यांदा नखंच आठवतात. कवीनं तसं मनात आणलं असेल का ते कोण सांगणार. पण हा खेळ खेळलेलं पोरगंच आकाशात माळ फुलताना बघू शकतं असं मला वाटतं.

संगीतखुर्ची
शेतकीण ताई, किती सुंदर. आम्ही ‘कवडी दे’ म्हणायचो. लिहीत राहा हो.

मुरमाड_माळ
जालन्याकडं पण फूलच. आत्ता नखं बघितली. 😀

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडंही होतं हे. नारळाचा वाद इथंच मिटला म्हणा.

नवी_पिढी_जुनी_गाणी
कव्हर्सवर कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. वय 24, गिटार वाजवतो, बीडचा.

राहुल देशपांडे आजोबांचं हे गाणं गातात, ते ऐकूनच मी मूळ गाण्याकडं गेलो. म्हणजे माझ्यासाठी प्रवास उलटा झाला. ते थोडं सैल सोडतात, मैफलीत मूडप्रमाणं जागा वाढवतात, आणि मला ते आवडतं. त्याशिवाय बासरीवर, गिटारवर, पोरा-पोरींच्या खोलीत मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं, असं ढिगानं आहे. त्यातलं बरंच सुंदर आहे. जुन्या लोकांनी ते ऐकायच्या आधीच नाक मुरडू नये.

पण मूळ ऐकल्यावर माझ्या ध्यानात आलं की आम्ही सगळे ते फार संथ करतो. प्रत्येक शब्द ओढायचा, म्हणजे जास्त भावना. वसंतरावांच्या गाण्यात रडगाणं नाही. एवढा ताकदीचा गवई, ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकात खाँसाहेब उभा करणारा, तान घ्यायची म्हटलं तर छप्पर उडवील. तो इथं एक छोटी हरकत घेतो आणि परत शब्दावर येऊन उभा राहतो. मी दोन महिने ती जागा बसवतोय.

सुरपेटी
@नवी_पिढी, शाबास. तुला जे जाणवलं तेच खळेकाकांच्या चालींचं मर्म आहे. ऐकताना वाटतं सोपी आहे, पेटीवर बोटं ठेवली की कळतं. सूर अगदी शेजारचा वाटतो आणि तिथं नसतोच. ‘शुक्रतारा’ घ्या, ‘श्रावणात घन निळा’ घ्या. प्रत्येकात एक तरी वळण असं आहे की विद्यार्थी तिथं हमखास आपल्या मनानं सोपं करून घेतात. कव्हरमध्ये सगळ्यांत आधी चालीच्या याच जागा घासून गुळगुळीत होतात. गिटारचे चार कॉर्ड बसले पाहिजेत म्हणून सूर सरकवला जातो. तू गिटारवाला आहेस म्हणून मुद्दाम सांगते: कॉर्ड बदल, सूर नको.

नवी_पिढी_जुनी_गाणी
ताई, लिहून ठेवलं. 🙏

तानपुरा
सुरुवातीला मी ‘वसंतरावांचं’ म्हणालो आणि अजूनही म्हणतो. सांगतो का ते. कागदावरची कविता हजारोंनी आहे. लोकांच्या ओठावर येते ती गळ्यामुळं. वसंतराव नसते तर कांतांची ही कविता किती जणांनी वाचली असती? गायकाचं नाव आधी येणं हा अन्याय नाही, तो लोकांचा स्वाभाविक कौल आहे.

गोदाकाठ
@तानपुरा, गायकाचं नाव आधी यावं, माझी काहीच तक्रार नाही. कवीचं नाव नंतर तरी यावं. आणि चुकीचं तर नकोच नको. पाडगावकरांना स्वतःची एवढी गाणी आहेत, त्यांच्या डोक्यावर कांतांचं आणखी एक ओझं कशाला?

नर्सी_वाट
मी हिंगोली जिल्ह्यातला, नामदेवरायांच्या नर्सीच्या बाजूचा. हा सगळा धागा वाचताना एक गोष्ट मनात घोळायली, जरा सविस्तर मांडतो.

आपल्या मातीत कवीचं नाव हरवायचं कारणच नव्हतं, कारण ते गाण्यातच ओवलेलं असायचं. ‘नामा म्हणे’. गंगाखेडची जनाबाई, ‘म्हणे नामयाची जनी’. पैठणला ‘एका जनार्दनी’. टाळकऱ्याला वाचता येवो न येवो, चाल कितीही बदलो, फडावर म्हणा की सिनेमात म्हणा, शेवटच्या चरणात कवी येऊन उभा राहतोच. उर्दूतही तेच. आपल्याकडं मुशायऱ्याची परंपरा जुनी. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपलं टोपणनाव घालतो. वामनदादा कर्डकांची गाणी घ्या, शेवटी ‘वामन’ आहेच. गावोगाव जलशात ती गाणी शेकडो गळ्यांतून गेली, पण वामनदादांचं गाणं दुसऱ्याच्या नावावर लावायची कुणाची टाप नव्हती.

भावगीतानं ही नाममुद्रा सोडली. छापील पुस्तक आलं, रेकॉर्डचं लेबल आलं, रेडिओचा निवेदक आला, म्हणून तिची गरज उरली नाही. नाव कागदावर आणि निवेदकाच्या तोंडी गेलं. आता लेबल गेलं, रेडिओ मागं पडला, आणि गाण्याच्या आत नाव नाही. म्हणून कांत हरवतात. जनाबाई सातशे वर्षं टिकली आणि 1991 पर्यंत आपल्यात असलेला माणूस तिसऱ्या पिढीला माहीत नाही.

आणि एक बघा. अभंगात असो की गझलेत, कवी भेटतो तो शेवटच्या चरणात. त्यामुळं शेवटचा चरण सोडून गाणं संपवायची आपल्या लोकांना सवयच नव्हती. वारकऱ्याला सांगून बघा, शेवटचं कडवं राहू द्या म्हणून. तो तुम्हाला फडाबाहेर काढील.

परभणीकर
@नर्सी_वाट दादा, हात जोडतो. हे मला कधीच सुचलं नव्हतं.

मुरमाड_माळ
धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. जपून ठेवला.

आंबाजोगाई_एक्सप्रेस
अनुमोदन. थोडं अवांतर: परभणीच्या बी. रघुनाथांचं सांगतो. भगवान रघुनाथ कुलकर्णी. त्यांचाही जन्म 1913 चाच, कांतांच्या आधी दोनेक महिने. 1953 ला गेले, चाळिशीत. पण परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, म्हणून रिक्षावाल्यालासुद्धा नाव माहीत आहे. "बी. रघुनाथला सोडा" म्हटलं की बरोबर सोडतो.

पाणंद
रिक्षावाल्यानं कविता वाचली असेल का पण?

आंबाजोगाई_एक्सप्रेस
एकानं मला म्हणून दाखवली होती. पूर्ण.

तानपुरा
नर्सीकरांच्या मुद्द्यावर विचार केला. गायकाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण शेवटच्या कडव्याच्या बाबतीत मी तुमच्या बाजूचा. धागा वाचून वसंतरावांचं गाणं पुन्हा लावलं. धृपदात विचारलेला प्रश्न, आपली भेट तुला आठवते का, पहिल्यांदा ऐकताना लाडीगोडीचा वाटतो. शेवटच्या कडव्यानंतर तोच प्रश्न ऐकला की कळतं, समोर कुणी नाहीच. ती गेलेली आहे, मागं पंखांची फडफड आहे, आणि हा आभाळाकडं बघून विचारतोय. कडवं काढलं की प्रेमातल्या दोघांचं गोड गाणं उरतं. कांतांनी ते लिहिलेलं नाही, वसंतरावांनी ते गायलेलं नाही.

संगीतखुर्ची
@तानपुरा, मग लग्नात काय गायचं?

तानपुरा
लग्नाची गाणी ढिगानं आहेत. ‘सखी शेजारिणी’ गा. तीही कांतांचीच. 😀

सुरपेटी
नवऱ्या मुलानं ‘शेजारिणी’ गायलं तर वऱ्हाडात वेगळाच धागा निघेल.

शेतकीण
😀😀

काळा_कोट
त्या धाग्यावर सल्ल्याची फी लागेल.

नवी_पिढी_जुनी_गाणी
माझ्याकडून एक सुरुवात करतो. या गाण्याचा माझा व्हिडिओ आहे, तीन कडव्यांचा. तो काढून चारही कडव्यांचा नवा टाकतो, वर पहिल्याच ओळीत: शब्द वा. रा. कांत, नांदेड, चाल श्रीनिवास खळे, मूळ स्वर वसंतराव देशपांडे. @काळा_कोट सर, परवानगीचं कुठं विचारायचं ते कळवा.

काळा_कोट
गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस ही संस्था आहे, तिथून सुरू कर. रेकॉर्ड कंपनीचे हक्क वेगळे. खासगी निरोपात सविस्तर लिहितो.

परभणीकर
धाग्याचा मूळ प्रश्न नांदेडच्या निवेदकापासून सुरू झाला होता. @गोदाकाठ, 6 ऑक्टोबर जवळ आला की नांदेडात फक्त कांतांच्या गाण्यांची एक संध्याकाळ का करू नये? मोठं सभागृह नको, तिकीट नको. एखाद्या शाळेचा हॉल. निवेदन नर्सीकर दादा करतील.

नर्सी_वाट
आनंदानं. पण कविता वाचायलाही वेळ ठेवा. ‘रुद्रवीणा’, ‘शततारका’, ‘वेलांटी’ या संग्रहांतलं लोकांनी ऐकलेलंच नाही. कांत म्हणजे चार गाणी नव्हेत.

गोदाकाठ
हॉलचं मी बघतो. आमच्या भागातल्या शाळेचे मुख्याध्यापक ओळखीचे आहेत, नाही म्हणणार नाहीत. मुलांकडून दोन कविता पाठ करून घेऊ.

सुरपेटी
पेटी माझी. संभाजीनगरहून सकाळच्या गाडीनं येते. दोन्ही विद्यार्थिनींना आणते, चारही कडवी गातील. दोघीही ‘गेलीस’च म्हणतील.

आंबाजोगाई_एक्सप्रेस
मी समोरच बसतो, बघू कशी म्हणतात. पटलं तर मान्य करीन.

मुरमाड_माळ
तबल्याला कोण?

वऱ्हाडी_ठेचा
मूर्तिजापूरकडून तबला पाठवू का? गळा दिला, आता हातही देतो. मात्र जेवणात ठेचा पाहिजे.

शेतकीण
ठेचा आणि ज्वारीच्या भाकरी माझ्याकडं लागल्या. किती जणांच्या करू ते आठवडाभर आधी सांगा.